चिऊ, तुझी ती नर्स ड्युटीवर कधी जाणार?

प्रिय चिऊ,

परवा रात्री अकरा वाजता तुझा फोन आला, तू मढहून मालाडला येत होतीस, रिक्षाचा आवाज येत होता मागे, आणि तू विचारलंस आई खरं सांग सिरीयल कशी वाटतेय आता, आणि मी म्हटलं छान चाललीय गं. ते खोटं होतं. तू दमलेलीस, जेवलेली पण नव्हतीस, म्हणून माझ्या तोंडून तसं निघून गेलं, पण तेव्हापासून मला चैन नाही. तुला मी कधी खोटं सांगितलं नाही, बारावीत तुझे मार्क गेले तेव्हासुद्धा नाही. व्हॉट्सॲपवर एवढं सगळं मावणार नाही आणि फोनवर बोलायला गेले तर मला रडू येईल म्हणून वहीची पानं फाडून लिहायला बसलेय. घाईत वाचू नकोस, घरी पोचलीस की वाच.

तुझी सिरीयल सुरू झाली तेव्हा मी सगळ्या बिल्डिंगला सांगून आले होते. संवाद लिहिणाऱ्यांच्या नावात शेवटी का होईना माझ्या मुलीचं नाव येतं, हे बाबांनी तर टीव्हीसमोर उभं राहून मोबाईलवर शूट केलं. आणि तो पहिला भाग! ती मुलगी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स, सकाळी सातच्या ड्युटीसाठी अंधारात लोकल पकडते, केसांना जाळी प्लॅटफॉर्मवरच लावते, वॉर्डात पोचल्यावर नाईटची सिस्टर तिला हँडओव्हर देते आणि जाता जाता हळूच सांगते की सहा नंबरचे आजोबा रात्रभर जागे आहेत, त्यांच्याशी जरा बोल. चिऊ, त्या वाक्याला मी रडले. कारण ते वाक्य माझं होतं, मीच तुला लहानपणी सांगायचे, परळहून ड्युटी करून आले की वेणी घालताना तुला वॉर्डातल्या गोष्टी सांगायचे ना त्यातलं. तू लक्षात ठेवलंस एवढी वर्षं. टीव्हीवर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखी बाई बघितली, जी रडत नाही, कुणाला टोमणे मारत नाही, सलाईन संपत आलंय का बघते आणि पाय दुखतात म्हणून स्टुलावर दोन मिनिटं टेकते.

चाळीसेक भाग असे होते. मग तिचं लग्न झालं त्या बंगल्यात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लग्न होतंच, माझंही झालं. पण लग्नानंतर तिची नोकरी गेली कुठे? राजीनामा दिला का तिने? रजा टाकली? सासूने नको म्हटलं? एक वाक्य नाही गं कुणाच्या तोंडी. आता सकाळ झाली की ती जरीची साडी नेसून जिन्यावरून खाली येते, देवापाशी आरती करते आणि मग तिच्या खिरीत कुणीतरी मीठ टाकतं. मी रोज वाट बघते की कोणीतरी तिला विचारेल, काय गं तुझी ड्युटी कधीची आहे. सहा नंबरच्या आजोबांचं काय झालं ते पण कळलं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या अहो सिरीयल आहे ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, पण मी ३४ वर्षं तेच काम केलंय आणि माझ्या मुलीनेच लिहिलेली ती बाई आहे, मनाला लागणारच.

मला माहितीय हे सगळं तुझ्या हातात नाही. तूच सांगितलं होतंस की गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी ट्रॅक बदलतो, सीनची पानं कधी कधी मेकअप चालू असताना हातात पडतात, आठवड्याला सहा भाग द्यायचे आणि मध्येच रविवारी महाएपिसोड. एवढ्या वेगात माणूस विचार कधी करणार. आम्ही वॉर्डात साठ पेशंटना दोन सिस्टर असायचो तेव्हा आमच्या हातून पण चुका व्हायच्या, त्यामुळे त्या घाईचा मला अंदाज आहे. पण घाईचा राग येत नाही मला, राग येतो तो पाणी घालण्याचा. मागच्या मंगळवारी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर घेऊन बसले. आधी कालचं परत दाखवलं, मग सासूने एक वाक्य म्हटलं आणि त्या एका वाक्यावर घरातल्या नऊ माणसांचे चेहरे एकेक करून, तीन तीन वेळा, प्रत्येकाला ढँण ढँण म्युझिक, मग जाहिराती, मग परत तेच वाक्य. अर्ध्या तासात गोष्ट पुढे सरकली ती पाच मिनिटंसुद्धा नाही. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे म्हणे, ती मी समजू शकते, पैसे तिथूनच येतात. पण उरलेल्या वेळात तरी काहीतरी घडू दे ना.

तुला आठवतं का, लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद होती तेव्हा दूरदर्शनने जुनं महाभारत परत लावलं होतं आणि तू पण माझ्याबरोबर बसायचीस. अख्खं महाभारत ९४ भागात झालं गं. १९८८ च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि १९९० च्या जूनमध्ये संपलं, आठवड्याला एक भाग, दर रविवारी, मला रविवारची ड्युटी लागली की मी कुणाशी तरी बदलून घ्यायचे. एवढा मोठा वंश, एवढं युद्ध, ९४ भाग. तुमच्या हिशोबाने ते चार महिन्यांत संपतात. तुमचे चार महिने झाले तेव्हा बंगल्यात हरवलेला हार सापडला होता, दुसरं काही नाही. त्या वेळी बऱ्याच सिरीयलना तेरा तेरा भागांचीच मंजुरी असायची, लिहिणाऱ्याला माहीत असायचं आपल्याकडे किती जागा आहे. तेव्हाही रद्दी असायची, नाही म्हणत नाही, पडदे हलायचे आणि माणसं पाठ केल्यासारखी बोलायची. पण सुरू केलेली गोष्ट कुठे जाऊन थांबणार हे ठरलेलं असायचं.

लालबागच्या चाळीत आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता. चिमणराव लागलं की ती खोली भरून गॅलरीपर्यंत माणसं, आम्ही पोरं पुढे जमिनीवर, गिरणीतून पाळी संपवून आलेले काका लोक दारात उभे. मग तू झालीस, मोठी झालीस, आणि २००१ मध्ये टिपरे सुरू झालं तेव्हा चिमणराव झालेला तोच माणूस, दिलीप प्रभावळकर, आता आजोबा होऊन आला आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून बघायचीस, झोप आली तरी उठायची नाहीस. त्या घरात काही कटकारस्थान नव्हतं, बाबाची नोकरी, मुलांच्या परीक्षा, आजोबांची डायरी, एवढंच, आणि आठवडाभर आम्ही वाट बघायचो. त्याच्याही आधी आभाळमाया. ती सुधा जोशी कॉलेजात शिकवायची, नवऱ्याने तिला फसवलं तरी तिची नोकरी चालूच होती, घरात आभाळ कोसळलं असलं तरी तिला उद्याचं लेक्चर असायचंच. आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीरूममध्ये ट्रेनिंगच्या मुली ते बघायच्या आणि मला आठवतंय एक मुलगी म्हणाली होती, सिस्टर मी लग्न झालं तरी सोडणार नाही हां काम. पंचवीस वर्षं झाली त्याला. आज तुमची सिरीयल बघणाऱ्या मुलीला काय वाटेल, की नर्सचं काम म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा टाइमपास?

आता जे लिहितेय ते मला सगळ्यात जड जातंय.

मागच्या महिन्यात तुमच्यात सासरे आयसीयूत गेले. मॉनिटरवर सरळ रेष आली, टूंऽऽऽ असा आवाज, आणि डॉक्टर शॉक, शॉक ओरडत मशीन छातीला लावतो, सासरे गादीवरून उडतात, तीनदा उडतात, मग सून मंगळसूत्र हातात धरून देवाचं नाव घेते आणि रेष परत चालू. चिऊ, सरळ रेषेला शॉक देत नाहीत. हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा शॉक देतात, ते थरथरणं थांबून पुन्हा लय यावी म्हणून. सरळ रेष आली की छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच आत, आणि ॲड्रेनलिन द्यायचं. दाबताना कधी बरगडी मोडते ते हाताला कळतं, तरी थांबायचं नसतं. मी हे किती ज्युनिअर मुलींना शिकवलं असेल.

तू कॉलेजला होतीस तेव्हाची गोष्ट, तुला मी कधी सांगितली नाही. रात्रीची ड्युटी, पन्नाशीचा माणूस हार्ट ॲटॅकने आला, बरोबर त्याचा मुलगा, वीस बावीस वर्षांचा. रेष सरळ झाली. आम्ही आळीपाळीने अर्धा तास छाती दाबत होतो, माझ्या कोपरापर्यंत घाम. आणि तो मुलगा माझी बाही ओढत होता, सिस्टर शॉक द्या ना, मशीन इथेच आहे, शॉक का देत नाही, पैसे हवेत का. माणूस गेला. मी नंतर बाहेर बाकड्यावर त्याच्याशेजारी बसून समजावून सांगितलं, डॉक्टरांनी पण सांगितलं, पण त्याला पटलं नाही. तो मला म्हणाला मी शंभर वेळा बघितलंय टीव्हीवर, शॉक दिला की येतात परत. तो मुलगा आयुष्यभर असं समजून जगणार की म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल म्हणून आम्ही त्याच्या बापाला मरू दिलं. मी त्याचा चेहरा विसरले नाही. आणि तो सीन तुमच्यात आला, आणि खाली नावं सरकली त्यात तुझं नाव होतं. मी टीव्ही बंद केला त्या दिवशी. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय.

एक फोन करायचा होतास गं. आई, आयसीयूचा सीन आहे, काय होतं तिथे? मी सगळं सांगितलं असतं, आणि खरं सांगू का, खरं जे होतं ते तुमच्या ढँण ढँणपेक्षा जास्त जीव खालीवर करणारं असतं. नातेवाईकाला बाहेर काढताना त्याच्या हातात पेशंटचं घड्याळ आणि चप्पल देतात, तेव्हा त्या माणसाचं काय होतं ते बघितलंय मी.

सिनेमाचं पण तेच झालंय. दिवाळीत बाबांनी हौसेने मुलुंडलाच मॉलमध्ये मराठी पिक्चरची तिकिटं काढली, पॉपकॉर्न धरून अकराशे रुपये गेले. नाव लिहीत नाही. ट्रेलरमध्ये होते तेवढेच विनोद, बाकी दोन तास सगळे ओरडून बोलत होते, म्युझिक एवढं मोठं की संवाद ऐकू येईना, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एकदम सगळ्यांना आईवडिलांची आठवण येऊन भाषण. बाबा इंटरव्हलनंतर झोपले. थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं होती. बाहेर पडताना बाबा म्हणाले मराठी पिक्चर लोक बघत नाहीत म्हणून रडतात, मग असा का बनवतात. मला तेव्हा श्वास आठवला, २००४ चा, तुला घेऊन गेलो होतो दादरला. छोट्या पोराच्या डोळ्याचा कॅन्सर, आजोबा त्याला कोकणातून शहरात आणतात, आणि ऑपरेशनच्या आधी त्या पोराला सांगायचं आहे की यानंतर तुला दिसणार नाही. कोण सांगणार. बस, एवढीच गोष्ट, नवीन दिग्दर्शक, पैसा कमी, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. मी वॉर्डात संमतीच्या कागदावर अंगठा घेताना असे कितीतरी आजोबा बघितले होते, त्या पिक्चरमध्ये मला एक पण गोष्ट खोटी वाटली नाही. कुणीतरी हॉस्पिटलात जाऊन बसलं असणार, बघितलं असणार, त्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आता तू म्हणशील आई तू ओटीटीवर बघ काहीतरी. बघते, भाचीने लावून दिलंय. चांगलं असतं त्यात काही काही. पण रात्री आठला बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांतून एकच टायटल साँग ऐकू येतं, जिन्यात चालताना गोष्ट सुटत नाही, ते मला अजून आवडतं, आणि तिथे माझी मुलगी लिहिते.

नोकरी सोड असं मी म्हणत नाहीय. भाडं आहे, हप्ते आहेत, आणि तुला हेच करायचं होतं. तुमच्या सरांशी भांड असंही नाही. फक्त तू एक वाक्य घाल. दोन बायका स्वयंपाकघरात बोलतायत त्यात घाल, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. सासू म्हणू दे, मेट्रनचा फोन आला होता, रजा संपली तुझी. तेवढ्यावर पुढे ट्रॅक निघाला तर निघाला. नाईट ड्युटी लागलेली सून आणि रात्रीचं घर, यातच सहा महिन्यांचं नाटक आहे, ते मी जगलेय, तुझी आजी पहिल्या वर्षी माझ्याशी बोलायची नाही आणि मग एके दिवशी तिनेच माझा डबा भरला, ती सगळी गोष्ट तुला सांगायचीय.

माझ्या जुन्या डायऱ्या माळ्यावरून काढून ठेवल्यात, तीन आहेत, ड्युटी चार्ट आणि मध्ये मध्ये लिहिलेलं काहीबाही. रविवारी सुट्टी मिळाली तर ये, नाही मिळाली तर बाबा मालाडला आणून देतील, सोबत थालीपीठ पण पाठवते. जेवत जा वेळेवर.

आठ वाजत आलेत, टीव्ही लावते. आज तरी तिला कुणी ड्युटी विचारतंय का बघते.

तुझी आई