कोलोनमधल्या घराविषयी

राबोडी, ठाणे

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोलोनच्या एरेनफेल्ड भागात मोठ्या मशिदीजवळ घर घ्यावे, की आपल्यापैकी कोणीच राहत नाही अशा उपनगरात जावे, आणि यांपैकी कोणत्या निवडीने नातीला तिथल्या समाजात मिसळणे सोपे जाईल, असे तू विचारले आहेस. मुसलमान आपापलेच एकत्र राहतात, मिसळत नाहीत, असे तुझ्या एका सहकाऱ्याने म्हटल्यापासून तू अस्वस्थ आहेस, हेही लिहिलेस. माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सवडीने वाच.

त्या सहकाऱ्याने पाहिले ते खरे आहे. त्याने कारण मात्र विचारलेले नाही. माणसे एकत्र का राहतात, याची कारणे बहुतेक वेळा श्रद्धेत कमी आणि भाडे, भीती व ओळखीपाळखी यांत जास्त सापडतात. मुंब्रा तू लहानपणापासून पाहिलास. त्यातले कौसा हे जुने कोकणी मुसलमानांचे गाव. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली घाबरलेली कुटुंबे तिथे येऊ लागली आणि पाहता पाहता डोंगराच्या पायथ्याशी एक दाट शहर उभे राहिले. ती कुटुंबे सुरक्षिततेच्या शोधात आली होती, वेगळे राहण्याची हौस म्हणून नव्हे. त्यांच्या गरजेवर बिल्डरांनी विनापरवाना इमारती चढवल्या आणि 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळची इमारत कोसळून 74 माणसे गेली. मुस्लिम वस्त्यांना काही बँका ‘निगेटिव्ह झोन’ ठरवून कर्ज नाकारतात, ही नोंद मुसलमानांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात आहे. एवढे सगळे झाल्यावर आपले राज्यकर्ते विचारतात की ही मंडळी मुख्य प्रवाहात का येत नाहीत.

तुझ्या मामूंना घोडबंदर रस्त्यावर घर शोधताना काय अनुभव आला, ते तुला ठाऊक आहे. दलालाने आडनाव ऐकेपर्यंत सगळे ठरत होते. आडनाव ऐकल्यावर सोसायटीची कमिटी अचानक आठवली. मामूंचे आडनाव ऐकून तरी काही जण फसतात, कारण कोकणात तेच आडनाव हिंदूंतही आहे. शाळेतले पालक मला कौतुकाने म्हणत, ‘सर, तुमचे मराठी किती शुद्ध आहे!’ मी हसून सोडून देत असे. ज्या घरात कित्येक पिढ्या हीच भाषा बोलली गेली, त्या घरातल्या माणसालाही हे ऐकावे लागत असेल, तर तुझ्या तीन वर्षांच्या जर्मन भाषेबद्दल तू फार खंत करू नकोस.

याउलट नवी मुंबई पाहा. सिडकोने ज्या घरांचे वाटप सोडतीने केले, तिथे शेजारी कोण येणार हे कोणालाच ठरवता आले नाही. नेरूळला तुझ्या फुफूच्या जिन्यात ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ वर्षानुवर्षे फिरला, तो कोणाच्या भाषणामुळे नव्हे. पुढे घरे विक्रीला आणि भाड्याला निघाली, दलाल मध्ये आले, आणि आडनाव पुन्हा महत्त्वाचे झाले. सिंगापूरने हा धोका ओळखून 1989 पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय व भारतीय वंशाच्या कुटुंबांचे कमाल प्रमाण ठरवून दिले, आणि ते प्रमाण पुनर्विक्रीलाही लागू केले. मलय मुसलमानांना त्याचा त्रासही होतो, कारण गिऱ्हाईक कमी असले की घर विकणे अवघड जाते. दक्षिण आफ्रिकेने नेमके उलटे केले. आपल्याच रत्नागिरीकडची कोकणी माणसे केपटाऊनला जाऊन स्थिरावली होती. 1950 च्या कायद्याने तिथे वंशानुसार वस्त्या वेगळ्या केल्या आणि 1966 मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिसळलेला भाग केवळ गोऱ्यांसाठी जाहीर करून बाकीच्यांना हुसकावले. माणसे शेजारी राहावीत की राहू नयेत, हे कायद्याने आणि घरवाटपाने किती ठरते, ते यावरून दिसते.

आता जर्मनीविषयी. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगारभरतीचा करार केला. कामगाराने दोन वर्षांनी परत जावे, अशी मर्यादा त्यात होती. पण शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घालवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून 1964 मध्ये ती काढण्यात आली. सरकारच्या मनातली मर्यादा मात्र तशीच राहिली. 1973 मध्ये भरती बंद झाली, तेव्हा एकदा गेल्यास पुन्हा येता येणार नाही हे ओळखून पुष्कळ जण तिथेच थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. तरीही परदेशी आईबापांच्या पोटी तिथे जन्मलेल्या मुलाला जन्मापासून नागरिक मानण्याची सोय 2000 मध्ये झाली, आणि नवागतांसाठी देशभर भाषावर्ग सुरू व्हायला 2005 उजाडले. ज्यांना चाळीस वर्षे पाहुणे म्हटले, त्यांनी घरच्यासारखे वागावे ही अपेक्षा मला फारशी न्याय्य वाटत नाही. 2010 मध्ये चॅन्सेलर मेर्केल बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग साफ फसला असे म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात आले होते की जो प्रयोग नीट केलाच नाही, तो फसला असे कसे म्हणता येईल? त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष वुल्फ यांनी इस्लामही आता जर्मनीचा आहे असे सांगितले होते, हे न्यायाने लिहिले पाहिजे.

तुझ्याच शहरातली कोइपश्ट्रासे ही गल्ली तू पाहिली असशीलच. 9 जून 2004 रोजी तिथे खिळ्यांचा बॉम्ब फुटून 22 जण जखमी झाले. पोलीस वर्षानुवर्षे तिथल्या तुर्की दुकानदारांवरच संशय घेत राहिले, आणि बॉम्ब नवनाझी टोळीने ठेवला होता हे नोव्हेंबर 2011 मध्ये बाहेर आले. ज्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचीच सात वर्षे चौकशी झाली. त्या गल्लीतला माणूस पोलिसांशी बोलताना जपून बोलतो, याला तुझा सहकारी कदाचित न मिसळणे म्हणेल.

हे सगळे समाजाकडून येणे आहे. आपल्या हातात काय आहे, तेही लिहितो, कारण समोरचा चुकतो म्हणून स्वतः हातपाय गाळून बसणाऱ्यांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे. कोलोनमध्ये चौथी इयत्ता संपताना, म्हणजे मूल दहा वर्षांचे असताना, ते पुढे गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जावे की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, याची शिफारस शाळा करते. ज्याची भाषा कच्ची, त्याची वाट तिथेच अरुंद होते, आणि तुर्की कामगारांच्या दोन पिढ्यांचे नुकसान मुख्यतः याच वळणावर झाले असे माझे मत आहे. म्हणून नातीला बालवाडीत लवकर घाल. डेन्मार्कने 2018 मध्ये ठरावीक वस्त्यांतल्या मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला 25 तास बालवाडीची सक्ती केली. वस्ती पाहून लादलेली सक्ती मला अपमानास्पद वाटते, पण बालवाडीची उपयुक्तता त्यामुळे कमी होत नाही. घरात मात्र तिच्याशी मराठीतच बोला. तुमच्या मोडक्या जर्मनपेक्षा तिच्या बालवाडीतल्या बाई ती भाषा चांगली शिकवतील.

मशिदीबद्दलही माझे स्पष्ट मत आहे. एरेनफेल्डची मशीद ज्या संघटनेची आहे, तिचे इमाम आजवर तुर्की सरकारच्या पगारावर येत आले, आणि त्यांतल्या अनेकांना जर्मन येत नसे. तिथे जन्मलेल्या मुलाला त्याच्या शाळेतली अडचण समजून न घेता धर्म कसा समजावणार? आपल्याकडेही जुम्म्याचे बयान उर्दूत होते आणि निम्म्या कोकणी मुलांना ते पुरते कळत नाही, पण ते दुखणे वेगळ्या पत्राचे आहे. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सरकारांनी ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून जर्मनीतच इमाम तयार करण्याचे ठरवले, ते योग्य झाले. तुमच्या राज्यात 2012 पासून सरकारी शाळांत इस्लामचा तास आहे; नातीच्या शाळेत तो असेल तर तिला जरूर बसव, जर्मन भाषेतून आपला धर्म समजलेली मुलगी सहकाऱ्यांच्या प्रश्नांना तुझ्यापेक्षा बरे उत्तर देईल. सूनबाईने डोक्यावर ओढणी घ्यावी की नाही, ते तिचे तिने ठरवावे. त्यात ना शेजाऱ्यांनी पडावे, ना मी.

तेव्हा घर मशिदीजवळ की मशिदीपासून दूर, हा प्रश्न बाजूला ठेव. ज्या प्राथमिक शाळेच्या वर्गात जर्मन, तुर्की, इटालियन अशी सगळी मुले आहेत, तिच्या आसपास घर पाहा. त्या शाळेजवळ मशीद निघाली तर आनंद, न निघाली तर शुक्रवारी ट्राम आहेच. जिथे आपल्यापैकी कोणीच नाही तिथे मुद्दाम जाणे मला पसंत नाही, कारण तिथे पोरीला रोज सगळ्या मुसलमानांच्या वतीने बोलावे लागेल, आणि ते ओझे लहान मुलावर घालू नये.

नागरिकत्वाचेही विचारले होतेस. जून 2024 पासूनच्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि जर्मनीची दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही. हरकत भारताची आहे. भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळेल, पण इथला मतदानाचा हक्क जाईल. मुदत भरली की तू अर्ज कर, असेच मी सांगेन, कारण ज्या शहरात मुलीची शाळा आणि घराचे भाडे ठरते, तिथे तुला मत असले पाहिजे. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येऊ शकते. त्यामुळे गावच्या भातशेतीची काळजी करू नकोस. सातबाऱ्यावरची नावे मी पावसाळ्याआधी तलाठ्याकडे जाऊन तपासून घेतो. अम्मीला पासपोर्टचे तू स्वतः फोन करून सांग, माझ्याकडून तिला कळायला नको.

तुझे,
अब्बा