आईचं मनगट आणि माझी काच

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढी वर्षं हाडात भरायची काच करतेस, मग आईच्या मनगटात घाल की थोडी!" मी हसण्यावारी नेलं. आज नीट उत्तर देते.

आईला ती लागणारच नाही. नुसता तडा गेलाय, हाड जागेवर आहे, ते आपलं आपण सांधेल. हाडाचा तुकडाच गेलेला असतो तिथे पोकळी भरायला काच लागते. शिवाय माझी काच अजून प्रयोगशाळेतल्या ताटलीतल्या पेशींपलीकडे गेलेली नाही.

मूळ काच मात्र जुनी, आणि तिची गोष्ट सुरू होते बसमध्ये! एसटीत ३१ वर्षं काढलेल्या माणसाला मी हे आजवर सांगितलंच नाही. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचे पदार्थशास्त्रज्ञ एका परिषदेला बसने चालले होते. सोबत व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल. त्याने विचारलं, जखमी सैनिकांचं शरीर धातू-प्लास्टिक नाकारतं, शरीरात टिकेल असं काही करता येईल का? १९६९ मध्ये हेंच यांनी फ्लोरिडात ४५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असलेली काच केली. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या वर, म्हणून ती पावसाला दाद देत नाही. ही शरीरात हळूहळू विरघळते, अंगावर हाडातल्यासारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर धरते आणि हाड तिला घट्ट चिकटतं.

मी तिचे कण करते, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक, आणि त्यात तांबं घालते. तांब्याने नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, जंतूही मरतात. गेल्या आठवड्यात नळीच्या तळाशी चक्क्यासारखा छान गोळा बसला होता, फिकट निळसर. ७०० अंशांच्या भट्टीतून काढला तर राखाडी! तांबं जास्त झालेलं. काचेत मावलं नाही ते बाहेरच काळं ऑक्साइड होऊन बसलं. माझी तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

आई, बिनकल्हईच्या पातेल्यात तू ताक ठेवू देत नाहीस ना, माझं काम म्हणजे तोच हिशोब. तांबं किती उतरेल आणि किती दिवसांत? थोडं उतरलं तर पेशी तरारतात, जास्त उतरलं तर त्याच मरतात. तुला नुसत्या अंदाजाने कळतं, मला त्याला यंत्र आणि चार आठवडे लागतात.

प्लास्टर सुटलं म्हणून लगेच कणीक तिंबायला बसू नकोस. बाबांना तिंबू दे, पोळ्या जाड झाल्या तर होऊ देत. बोटं मात्र आत्तापासून हलवत राहा.

आणि बाबा, नव्या एक्स-रेचा फोटो पाठवताना तो खिडकीला नको, ट्यूबलाइटसमोर धरा. मागच्या फोटोत हाडापेक्षा गजच जास्त दिसत होते.

तुमची,
मनू