बायोप्सीची अनाठायी भीती

महोदय,

‘गाठीला सुई लागली की कर्करोग पसरतो’ या समजुतीपायी आजही अनेक रुग्ण बायोप्सी (गाठीचा छोटा नमुना काढून केलेली तपासणी) टाळतात आणि झाडपाल्याच्या औषधांत मोलाचे महिने घालवतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमधून गाठीची जागा व आकार कळतो. परंतु मानेतील गाठ क्षयाची आहे की कर्करोगाची, हे बहुतेक वेळा तिचा तुकडा फॉर्मॅलिन या रसायनात टिकवून, मेणात बसवून, त्याचे ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निश्चित होते. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका शून्य नाही, हे खरे. म्हणूनच वृषणाच्या संशयित गाठीत सहसा सुई घालत नाहीत. पण अपवाद डॉक्टरांना ठाऊक असतात, आणि त्यावरून सरसकट नियम करणे घातक आहे.

तपासणीनंतर मेणाचे हे ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात व संशोधनाच्या कामी येतात. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारताच संशोधनासाठी घेतल्या गेल्या होत्या. तेव्हा आपल्या रुग्णालयांनी संमतीपत्र सोप्या मराठीत द्यावे आणि संशोधनासाठीची परवानगी त्यात वेगळी मागावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, सातारा