ओव्याची पुरचुंडी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओत तुझा चेहरा ओढलेला दिसला. तुझ्या बाळंतपणाला तिथे यायला मला व्हिसाची तारीख अजून मिळालेली नाही, म्हणून म्युनिकला येणाऱ्या शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर डबा पाठवते आहे. त्यात तुझ्यासाठी जेवणानंतरचा विडा आहे: 1 वाटी पांढरे तीळ, अर्धी वाटी बाळंतशेपा, पाव वाटी ओवा, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि सैंधव. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजलंय. ओवा शेवटी आणि अगदी थोडाच, कारण जास्त भाजला की त्याचं तेल उडून जातं आणि नुसता कडवटपणा उरतो. दोन्ही जेवणांनंतर एकेक चमचा, सावकाश चावून खा.

डबा संपला की तिथल्या भारतीय दुकानात 'अजवाइन' म्हणून माग. जर्मन दुकानातलं क्युमेल दिसायला जवळचं, पण ते वेगळं. चिमूटभर तळहातावर चोळून बघ. नाकात झणका गेला तर ओवा. तो झणका थायमॉलचा, म्हणजे ओव्याच्या तेलातल्या द्रव्याचा. चूळ भरायच्या काही औषधांतही तेच असतं. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर झाडाचं सुकलेलं फळ, जिरं, धने, बडीशेप यांच्याच कुळातलं. बाल्कनीतल्या कुंडीतला जाड, लवदार पानांचा पानओवा मात्र निराळं झाड. त्याची भजी तुला आवडायची, तो उन्हाळ्यात तिथे लावता येईल.

भाजीत ओवा घालायचा तो गवारीला, अळकुड्यांना, बेसनाच्या पिठल्याला. पोटाला जड पडतं तिथे तिथे आपल्या बायकांनी ओवा ठेवलाय, उगीच नाही. फोडणीत घालताना हातावर चुरडून घाल. चकलीच्या पिठात मात्र अख्खाच बरा, दाताखाली आला पाहिजे.

आता महत्त्वाचं. हा ओवा तुझ्यासाठी आहे, बाळासाठी नाही. रोहितच्या आईंनी फोनवर बाळाला ओव्याचं पाणी चमच्याने द्यायला सांगितलं, असं तू म्हणालीस. देऊ नकोस. 6 महिने फक्त तुझं दूध, पाणीसुद्धा नको. त्यांना मी सांगेन, तू वाईटपणा घेऊ नकोस. ओव्यानं दूध वाढतं असं आपल्याकडे सगळ्या म्हणतात, पण ते वाढतं बाळानं वेळोवेळी नीट ओढून प्यायल्यानं. तेवढ्यासाठी चमचे वाढवू नकोस, ओवा उष्ण पडतो, छातीत जळजळेल. टाक्यांची औषधं चालू आहेत, तेव्हा डॉक्टरबाईंनाही विड्याबद्दल सांगून ठेव.

आणि धुरी. तू 9 दिवसांची असताना आजीनं खोलीची दारं लावून निखाऱ्यांवर ओवा टाकला होता. मला तो वास फार आवडायचा, अजून आवडतो. पण तू खोकून खोकून लालबुंद झालीस, आणि मी सासूबाईंपुढे बोलू शकले नाही. दार उघडायला मी उठले तेव्हा बराच वेळ गेला होता. आजीचा जीव होता तुझ्यावर, तिला ठाऊक होतं तेच तिनं केलं. पण धूर तान्ह्या छातीला सोसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि आज तुला सांगताना अजून घसा दाटतो. तुझ्या खोलीत धूर नको, कापूर नको. पाठ शेकायला ओव्याची गरम पुरचुंडी तव्यावरून घेतेस ती घे, आधी आपल्या मनगटाला लावून बघ. बाळाच्या अंगाला ती लावू नकोस.

बाळाचं वजन 300 ग्रॅम वाढलं असं काल म्हणालीस, ते जन्माच्या वजनावर की घरी आणलं तेव्हाच्या? नीट लिहून पाठव. डबा मिळाला की झाकण उघडल्या उघडल्या मला फोन कर, इथे रात्र असली तरी.

तुझी,
आई