साखर उतरली तर काय करायचं, हे सांगणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मधुमेहावरचा लेख वाचला. रुग्ण पथ्य पाळत नाहीत, गोळ्या चुकवतात, तपासण्या टाळतात, असा सगळा ठपका रुग्णांवर. गोळी वेळेवर घेऊनही जीवावर बेततं, त्यावर एक ओळ नाही.

माझ्या सासूबाई गोळी कधीच चुकवत नाहीत. आषाढी एकादशीलाही त्यांनी सकाळी नेहमीची मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली आणि वर फक्त बिनसाखरेचा चहा. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि रक्तातली साखर उतरवते. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, काहीबाही बोलायला लागल्या. शेजारच्या काकू साखरपाणी घेऊन धावल्या, तर जमलेल्यांनी ‘अहो, त्यांना शुगर आहे, साखर कसली देता!’ म्हणून त्यांनाच अडवलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने ग्लुकोमीटर आणून बोट टोचलं. आकडा ४८! ७०च्या खाली गेलं की साखर द्यायचीच असते. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे त्या मुलाने सांगितलं. दवाखान्यात इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट बघतात, ‘गोड बंद, रोज चाला’ म्हणतात, की पुढचा पेशंट आत. उपास करता का, एवढं तरी विचारा! उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची, कमी करायची की टाळायची, हे डॉक्टरांनीच ठरवून चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यायला हवं. आता श्रावण तोंडावर आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतला १० कोटी मधुमेहींचा आकडा तुम्ही ठळक छापलात. त्यांना कुणी काही समजावलंय का, हेही लेखकाने विचारायला हवं होतं.

आणि त्याच अंकात मधुमेह ‘मुळापासून बरा’ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात! औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि मनाईच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी असंच चूर्ण सुरू करून गोळ्या सोडल्या. पायाची जखम अजून भरत नाही. कृपया ही जाहिरात बंद करा आणि त्या जागी घाम, थरथर आणि साखरपाण्याची माहिती छापा.

आपली,
एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)