किनाऱ्याचे पाणी तपासण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

किनारा सफाईला दरवेळी भरपूर हात पुढे येतात. पोती भरतात, वाळू मोकळी होते, पाणी मात्र होते तसेच राहते. सांडपाण्यातले जंतू, गाळात बसलेले शिसे आणि पारा, शेतांतून वाहून आलेली खते यांतले काहीच पोत्यात भरता येत नाही. म्हणून समितीने यंदा ठरवले आहे की आधी वर्षभर पाणी आणि गाळ तपासायचा, आणि सफाई कुठे व कशी करायची ते मग ठरवायचे.

घाईची सफाई अंगाशी येते. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे जहाज खडकावर आदळले आणि लाखभर टन कच्चे तेल समुद्रात गेले. ते हटवायला जी रसायने फवारली, त्यांनीच किनाऱ्यावरचे शंख-शिंपले मोठ्या प्रमाणात मारले. गाळाचेही तसेच आहे. तळाशी बसलेला पारा न तपासता उपसला, तर तो पुन्हा पाण्यात मिसळतो, आणि माशांमार्गे माणसाच्या ताटात येतो. जपानच्या मिनामाता परिसराने पाऱ्याची किंमत मोजली आहे; कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत उतरला आणि ते मासे खाणाऱ्यांना विषबाधा झाली.

आम्हाला सर्वात जास्त गरज वेळ देणाऱ्या माणसांची आहे. नमुना ओहोटीला, नाल्याच्या मुखाशी घ्यायचा असतो. निर्जंतुक बाटलीचे तोंड पाणी ज्या बाजूने वाहत येते त्या बाजूला धरायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, आणि बाटली लगेच बर्फाच्या पेटीत. जंतूंच्या तपासणीसाठी ती सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही. त्यामुळे गाडी असलेल्यांनी जरूर कळवावे. पद्धत आम्ही शिकवू.

होडीवाल्यांनी गाळाचे नमुने घ्यायला साथ द्यावी. मासे कुठून हटले, कालवे कुठे मरतात, हे मच्छीमार बांधवांइतके कुणालाच ठाऊक नसते. नमुन्यांच्या जागा त्यांनीच दाखवाव्यात, अशी आमची मनापासून विनंती आहे.

देणगीतला मोठा वाटा जड धातूंच्या तपासणीवर जाईल, कारण ती साध्या उपकरणांनी होत नाही. रक्कम कितीही लहान असो, पावती मिळेल आणि हिशेब सभेत मांडला जाईल. तपासणीचे निष्कर्ष, कुणाला रुचोत न रुचोत, जसेच्या तसे फलकावर लावू.

नावनोंदणी समितीच्या कार्यालयात सुरू आहे. पावसाळ्याआधीचे नमुने हाती असले, तरच पावसाने नेमकी काय भर घातली ते कळेल. तेव्हा कृपया लवकर या.

आपली,
किनारा संवर्धन समिती