चार रॅम एकत्र का नांदत नाहीत

जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. दोन रॅम होत्या तोवर चोख चाललेलं मशीन आणखी दोन टाकताच काळा पडदा दाखवतं, आणि चालू झालंच तर दहा मिनिटांत निळा. दुकानदार मदरबोर्ड बदल म्हणतो ना? भाऊ, नको बदलूस. बोर्ड गेलाय याचा एकही पुरावा अजून तुझ्यापाशी नाही.

रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या पोटात असतो. तुझा रायझन ५ ३६०० प्रोसेसर दोन रॅम ३२०० च्या वेगावर चालवतो. चार टाकल्या की तो बनवणाऱ्या एएमडीचीच मर्यादा खाली येते: सिंगल रँक (रॅमवर चिपचा एकच गट) असतील तर २९३३, ड्युअल रँक (दोन गट) असतील तर २६६७. पाकिटावरचे ३२०० म्हणजे एक्सएमपी, बहुतेक १.३५ व्होल्टवरचा वाढवलेला वेग, आणि तो त्या जोडीपुरताच तपासलेला असतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन जोड्या घेतल्या तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

आधी मात्र नव्या दोन्ही काढ, जुन्या जोडीवर मशीन चालू कर आणि हिशेबाचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर घे. हे टाळू नकोस. बिघडलेली रॅम चुकीचे आकडे गुपचूप फाइलमध्ये लिहिते, आणि ते महिन्याभराने कळतं.

रॅमला हात लावण्याआधी केबल काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. सोनेरी पट्टी खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे आहे. चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवं दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घे. तुमच्याकडे जिनिंगचा कापूस हवेत उडतो, तेव्हा स्लॉटही ब्लोअरने साफ कर.

आता एकेक रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या, म्हणजे ए२ स्लॉटमध्ये लावून बघ. जोडी असेल तर दुसरा आणि चौथा. बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या स्लॉटला भेटून लांबच्या स्लॉटला संपतात. लांबचा रिकामा राहिला तर सिग्नल त्या टोकावरून उलटा फिरतो आणि गोंधळ घालतो. दोष रॅमबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेला तर रॅम खराब. स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट, वाकलेली प्रोसेसरची पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर. कूलर काढायचा झाला तर मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम कर, बंद करून अलगद पिळत उचल. गार पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो.

चारही रॅम एकेकट्या पास झाल्या की सगळ्या लाव, पण बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी बंद ठेव. चालू करताना बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. ते मेमरी ट्रेनिंग असतं, बोर्ड रॅमशी सूर जुळवत असतो. दोन-तीन मिनिटं बटणाला हात लावू नकोस. पडदा आलाच नाही तर केबल काढून बोर्डावरची गोल सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेव, म्हणजे सेटिंग मूळपदावर येईल.

मूळ वेगावर, म्हणजे एक्सएमपीशिवाय चाललं, तर बहुधा कुठलाच भाग खराब नाही. मग एक्सएमपी चालू करून वेग हाताने २९३३ वर आण, रॅमला आज्ञा जरा सावकाश देणारा गिअर डाउन मोड चालू ठेव. अडखळलं तर २६६७. हिशेबाच्या कामात २६६७ आणि ३२०० मधला फरक तुला जाणवणार नाही. बायॉस अपडेट करायचं असेल तर एकच रॅम, मूळ वेग आणि यूपीएस. डळमळीत मेमरीवर कधीच नाही.

शेवटी मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून चारही रॅमवर चार फेऱ्या चालव. रात्री नको, भर दुपारी लाव. तापलेल्या चिपमध्ये साठलेला चार्ज लवकर गळतो, म्हणून रात्री पास झालेली रॅम वैशाखात पंचेचाळीस अंशांना नापास होऊ शकते. एकही लाल ओळ आली तर वेग एक पायरी खाली आण आणि पुन्हा चालव. एक चूकही चालवून घ्यायची नाही.

चारही स्टिकरवरचे पार्ट नंबर आणि बोर्डाचं पूर्ण नाव लिहून पाठव. बोर्डाच्या क्यूव्हीएल यादीत, म्हणजे कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत, त्या रॅम चारच्या संचात तपासल्या आहेत का, ते मी बघतो. तोवर नवी जोडी परत करू नकोस.

तुझा मित्र